संसारात राहून संत झालेला प्राध्यापक : धन्यवादित फ्रेदेरिक ओझानाम

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी धर्मग्रामाने आपल्या पूर्वजांचे स्मरण करावे, हा रिवाज योग्यच आहे. ज्यांनी देवळाचा पाया घातला, ज्यांनी भिंती उभारल्या, ज्या धर्मगुरूंनी व धर्मभगिनींनी येथे आपले आयुष्य वेचले, ते सर्व आपल्या कृतज्ञतेस पात्र आहेत. परंतु धर्मग्राम म्हणजे केवळ धर्मगुरू नव्हेत. येथील बहुतेक सर्व आत्मे संसारी आहेत. कोणी शेतकरी, कोणी कारकून, कोणी शिक्षक, कोणी व्यापारी. यांपैकी कित्येकांनी मजजवळ असे बोलून दाखविले आहे की, पावित्र्य हे मठवासीयांचे काम. बायकामुलांचा योगक्षेम, नोकरीची दगदग आणि महिनाअखेरची ओढाताण यांत गुरफटलेल्या माणसाने रविवारचे मिस्साबलिदान चुकविले नाही, म्हणजे त्याचे कर्तव्य संपले. हा समज आत्म्यास घातक आहे. तो दूर करण्यास उपदेशापेक्षा उदाहरण अधिक उपयोगी पडते, म्हणून एका गृहस्थाश्रमी प्राध्यापकाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे. आपल्या धर्मग्रामांतून गोरगरिबांची विचारपूस करणारी जी संत विन्सेंट दी पॉल संस्था सर्वांच्या परिचयाची आहे, तिचे हे एक आद्य संस्थापक होत.

फ्रेदेरिक ओझानाम यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान शहरी झाला. आईबाप फ्रेंच होते. मिलान तेव्हा नेपोलियनच्या अमलाखाली होते, म्हणून पोटापाण्यासाठी हे कुटुंब तिकडे गेले होते. पिता झां-आंत्वान हे प्रथम सैनिक, पुढे वैद्य झाले. १८१६ साली सर्व मंडळी स्वदेशी परतून लियों शहरी स्थायिक झाली. या दांपत्यास चौदा अपत्ये झाली. पण त्यांतील बहुतेक लहानपणीच देवाघरी गेली. फ्रेदेरिकला अक्षरओळख करून देणारी वडील बहीण एलिझा हीही तो सात वर्षांचा असताना, ऐन तारुण्यात निवर्तली. अशा रीतीने मृत्यूची आणि या बालकाची ओळख फार लवकर झाली.

तथापि घर दुःखी नव्हते. वडील पुष्कळ गरीब रोग्यांना फुकट औषधोपचार करीत आणि आईही दुखणाइतांच्या समाचारास जात असे. वय झाल्यावर दोघांनी परस्परांस वचन दिले होते म्हणे, की यापुढे चार मजल्यांवर चढावयाचे नाही. आणि एके दिवशी एका उंच माळ्यावर, कोणा दुखणाइताच्या खाटेपाशी, वचन मोडताना दोघांची अकस्मात गाठ पडली! मुलांना धर्म शिकविण्याची याहून उत्तम शाळा कोणती? पुढे १८३७ च्या मे महिन्यात वडिलांचे देहावसान झाले, तेही एका गरीब रोग्याच्या समाचारास गेले असता जिन्यावरून पडल्याचे निमित्त होऊन.

फ्रेदेरिकची बुद्धी तीक्ष्ण होती, पण तीच बुद्धी त्याला पंधरा-सोळाव्या वर्षी छळू लागली. तो काळ फ्रान्समध्ये श्रद्धेची टवाळी करण्याचा होता. शाळेत, रस्त्यात, पुस्तकांत चोहोकडे शंकांचे वारे वाहत होते. देव आहे काय, असल्यास त्याने खरेच आपणांशी भाषण केले आहे काय, या विचारांनी त्या मुलाची झोप उडाली. अखेर त्याने देवळात जाऊन देवापाशी असा नवस केला की, सत्याचे दर्शन मला घडले तर माझे सारे आयुष्य त्याच्या सेवेस वाहीन. तत्त्वज्ञानाचे अध्यापक आबे न्वारो या धर्मगुरूंनी या शंकाकुल विद्यार्थ्यास रागे भरले नाही, की शंका हे पाप म्हणून तोंड बंद केले नाही. ते त्याला फिरावयास बरोबर नेत आणि लांबच लांब रपेटीत त्याचे प्रश्न ऐकून घेत. हळूहळू त्याच्या मनातील धुके विरले. पुढे प्राध्यापक झाल्यावर शंकाग्रस्त तरुणांशी ओझानाम जे इतक्या ममतेने वागत, त्याचे मूळ या रपेटींत आहे. आपल्या घरातील वयात आलेल्या मुलांनी असे प्रश्न विचारले असता आपण काय करतो, हे आईबापांनी येथे क्षणभर थांबून स्वतःस विचारावे.

वडिलांच्या इच्छेनुसार १८३१ साली फ्रेदेरिक कायद्याच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेला. अठरा वर्षांचा हा मुलगा त्या अफाट शहरात एकाकी पडला. देवाने त्याची सोय एका थोर पुरुषाच्या घरी लावली. विद्युत्शास्त्रातील प्रवाहाच्या परिमाणास ज्यांचे नाव दिले गेले आहे, ते आंद्रे-मारी आम्पेर हे मूळचे लियोंकडचेच; त्यांनी या विद्यार्थ्यास आपल्या घरी आश्रय दिला. मन खचलेल्या स्थितीत फ्रेदेरिक एकदा सेंत-एत्येन-द्यू-माँ या देवळात शिरला असता, कोपऱ्यात एक वृद्ध गृहस्थ जपमाळ ओढीत गुडघे टेकून बसलेला त्याने पाहिला आणि जवळ जाऊन पाहतो तो ते स्वतः आम्पेर! ही गोष्ट पिढ्यानुपिढ्या सांगण्यात येते.

विद्यापीठात मात्र देखावा निराळा होता. काही प्राध्यापक वर्गातच ख्रिस्तसभेवर तोंडसुख घेत. ओझानाम व त्यांचे मित्र लेखी हरकती पाठवून त्यांस सभ्यपणे उत्तर देत. एमान्युएल बैयी नावाच्या एका सज्जन वृत्तपत्रकाराच्या आश्रयाखाली विद्यार्थ्यांची एक चर्चासभाही भरे; तीत सर्व मतांच्या तरुणांना मुभा असे. ओझानाम तेथे ख्रिस्तसभेने गतकाळी जगावर केलेले उपकार मोठ्या आवेशाने वर्णन करीत. एके दिवशी प्रतिपक्षाच्या एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले की, तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कार्ये केली हे कबूल. पण आज तुम्ही स्वतः काय करीत आहात?

हा प्रश्न बाणासारखा लागला. आदल्याच वर्षी, १८३२ साली, पॅरिसमध्ये पटकीच्या साथीने थैमान घातले होते आणि कितीतरी घरे निराधार झाली होती. वादाने वाद वाढतो, पण उपाशी माणसाच्या पोटात त्याने काही पडत नाही, हे ओझानाम उमगले. आपल्या खोलीत हिवाळ्यासाठी ठेवलेल्या सरपणापैकी जे शिल्लक होते, ते त्यांनी व त्यांच्या एका मित्राने उचलले आणि ओळखीच्या एका गरिबाच्या दारी नेऊन टाकले. २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे ओझानाम यांच्या विसाव्या वाढदिवशी, बैयी यांच्या वृत्तपत्राच्या कचेरीत सहा विद्यार्थी व स्वतः बैयी अशा सात जणांची पहिली बैठक झाली. अध्यक्षस्थानी बैयी होते. गरिबांकडे जावयाचे कसे, बोलावयाचे कसे, हे या अननुभवी मुलांना शिकविले डॉटर्स ऑफ चॅरिटी या संघाच्या सिस्टर रोझाली रांदू यांनी. पॅरिसच्या मूफतार भागातील दीनदुबळ्यांची ही माउली. तिलाही २००३ साली ख्रिस्तसभेने धन्यवादित घोषित केले. पुढे या मंडळाने संत विन्सेंट दी पॉल यांचे नाव धारण केले. आज जगातील सुमारे दीडशे देशांत त्याच्या शाखा आहेत.

या संस्थेचा मुख्य नियम फार साधा होता. पैसे पाठवून देऊन मोकळे व्हावयाचे नाही, स्वतः जावयाचे. गरिबाच्या घरी जाऊन त्याच्या जवळ बसावयाचे, त्याची हकीकत ऐकावयाची, आणि तो आपणांस जे शिकवील ते शिकावयाचे. ओझानाम यांनी संस्थापक म्हणून मोठेपणा कधी मिरविला नाही. आपण अनेकांपैकी एक, असेच ते म्हणत.

कायद्याची पदवी मिळाली, तरी ओझानाम यांचा ओढा वाङ्मयाकडे होता. १८३९ साली महाकवी दांते व तेराव्या शतकातील कॅथलिक तत्त्वज्ञान या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी दुसरी डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षी माता निवर्तली आणि लियोंमध्ये व्यापारी कायद्याच्या अध्यापकाची जागा त्यांना मिळाली. या वेळी एक मोठा पेच त्यांच्या मनात उभा होता. सुप्रसिद्ध वक्ते लाकोर्दैर हे फ्रान्समध्ये डोमिनिकन संघाचे पुनरुज्जीवन करीत होते. आपणही त्यांच्यामागे जावे काय? विवाह केला तर गरिबांची सेवा आणि सत्याची सेवा या दोन्हींस बाध येईल, अशी भीती त्यांना वाटे. पूर्वीचे गुरू आबे न्वारो यांनी शिष्यास चांगले ओळखले होते. त्यांचा सल्ला विवाहाचा पडला.

लियोंच्या विद्याखात्याचे प्रमुख सुलाक्रुआ यांच्या घरी ओझानाम गेले असता, पंगू झालेल्या आपल्या भावाची शुश्रूषा करीत असलेली त्यांची कन्या आमेली दृष्टीस पडली. त्या एका दृश्याने त्यांचे मन जिंकले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्याच सुमारास, १८४० साली, पॅरिसमध्ये झालेल्या एका कठीण स्पर्धापरीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक पटकाविला आणि सोर्बोन विद्यापीठात फोरिएल या वृद्ध प्राध्यापकाच्या जागी बदली म्हणून शिकविण्यास त्यांना बोलावणे आले. लियोंची नोकरी कायमची, पॅरिसची बेभरवशाची. ओझानाम यांनी पॅरिस पत्करले आणि त्यांच्या वाग्दत्त वधूने या अनिश्चित संसारास आनंदाने संमती दिली. २३ जून १८४१ रोजी लियोंच्या सेंत-निझिए देवळात विवाहसंस्कार झाला. तो साजरा करणारे धर्मगुरू वराचे थोरले बंधू आल्फोन्स होते.

आता वर्गातील ओझानाम पाहू. ते जात्या वक्ते नव्हते. व्यासपीठावर येत तेव्हा चेहरा फिकट पडलेला असे, शब्द अडखळत. प्रत्येक व्याख्यानाची तयारी ते रात्र रात्र बसून करीत आणि वर्गावर जाण्यापूर्वी गुडघे टेकून प्रार्थना करीत. बोलण्यास आरंभ झाल्यावर मात्र वाणी तापत जाई आणि अखेरीस सारा वर्ग तन्मय होऊन गेलेला असे. तास संपल्यावर विद्यार्थी त्यांना सोडीत नसत. लुक्सांबूर बागेतून घरापर्यंत प्रश्न विचारीत त्यांच्याबरोबर चालत जात. फोरिएल निवर्तल्यावर १८४४ साली ओझानाम त्या पदावर कायम झाले. जर्मन लोकांत ख्रिस्ती धर्माचा प्रवेश, इटलीचे फ्रान्सिस्कन कवी, पाचव्या शतकातील संस्कृती हे त्यांचे विषय. रोमन साम्राज्य कोसळले तेव्हा युरोपची विद्या व माणुसकी कोणी राखली, हे ते कागदपत्रांच्या आधारे दाखवीत. श्रद्धेची भलावण करण्यासाठी पुराव्याची ओढाताण त्यांनी केली नाही. म्हणून विरोधकही त्यांचा मान राखीत. पुढे श्रद्धेस पारखे झालेले एर्नेस्त रेनां यांनीसुद्धा ओझानाम यांची आठवण प्रेमाने केली आहे.

एकदा कोणा टवाळाने सूचनाफलकावर, त्यांच्या परकीय वाङ्मयाच्या वर्गाच्या जागी, धर्मशास्त्राचा वर्ग असे खोडून लिहिले. ओझानाम यांनी व्याख्यान नेहमीप्रमाणे पुरे केले आणि मग शांतपणे सांगितले की, धर्मशास्त्री होण्याचा मान मला नाही, पण श्रद्धावान ख्रिस्ती असण्याचे भाग्य मला लाभले आहे. वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांचे मित्र प्राध्यापक लेनोर्मां हे श्रद्धेकडे परत वळले म्हणून विद्यार्थी त्यांच्या वर्गात दंगा करू लागले, तेव्हा ओझानाम स्वतः तेथे जाऊन मित्राच्या शेजारी उभे राहिले. स्वतःच्या लोकप्रियतेला धक्का बसेल याची पर्वा त्यांनी केली नाही.

असा हा विद्वान घरी कसा होता? विवाह २३ तारखेस झाला म्हणून दर महिन्याच्या २३ तारखेस ते पत्नीस फुले आणून देत. हा नेम बारा वर्षे चालला. अपत्यसुखासाठी उभयतांस चार वर्षे वाट पाहावी लागली आणि मध्यंतरी निराशाही सोसावी लागली. अखेर २४ जुलै १८४५ रोजी कन्या मारी जन्मास आली. या लेकरामुळे बापाचे हृदय अधिकच कोवळे झाले.

एका नववर्षदिनाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. ओझानाम यांच्या परिचयाच्या एका गरीब कुटुंबाने आपले जुने, वडिलोपार्जित लाकडी कपाट गहाण टाकले होते. नववर्षाची भेट म्हणून ते सोडवून द्यावे, असे सकाळी त्यांच्या मनात आले. पण आमेलीने व्यवहाराच्या चार गोष्टी सांगितल्या आणि त्यांनीही तो बेत सोडला. संध्याकाळी मुलीभोवती खेळणी व मिठाई यांचा ढीग पडला होता. ओझानाम मात्र उदास बसले, मिठाईस शिवले नाहीत. पत्नीने कारण विचारले. घरी एवढी चंगळ असता त्या कुटुंबाचे घर ओके आहे, हा विचार मनातून जात नाही, असे त्यांनी सांगितले. आमेलीने तत्काळ त्यांना जाण्यास सांगितले. ते धावत गेले, कपाट सोडवून त्या घरी पोहोचविले आणि हसतमुखाने परत आले. पतीपत्नी दोघांनाही शोभणारी ही गोष्ट आहे. गृहस्थाश्रम सेवेच्या आड येईल अशी जी भीती त्यांना पूर्वी वाटली होती, तिचे उत्तर त्या संध्याकाळी त्यांच्याच घरात मिळाले.

तरीही गरिबी ही केवळ दानधर्माने मिटणारी बाब नाही, हे ओझानाम यांनी जाणले होते. ज्यांच्याजवळ सर्व काही आहे आणि ज्यांच्याजवळ काहीच नाही, अशा दोन वर्गांची टक्कर होऊ घातली आहे आणि ख्रिस्ती माणसाने मध्ये उभे राहिले पाहिजे, असा इशारा त्यांनी वारंवार दिला होता. १८४८ साली क्रांती झाली. लाकोर्दैर व आबे मारे यांच्याबरोबर त्यांनी नव्या युगाचे नाव धारण करणारे एक वृत्तपत्र काढले आणि त्यात कामगारांना न्याय मिळावा म्हणून लिहिले. जून महिन्यात पॅरिसच्या रस्त्यांवर रक्तपात सुरू झाला. ओझानाम राष्ट्रीय रक्षकदलाच्या गणवेषात पहाऱ्यावर होते. दोन मित्रांसह ते आर्चबिशप आफ्र यांच्याकडे गेले आणि उभय पक्षांत मध्यस्थी करावी, अशी विनंती केली. त्या थोर मेंढपाळाने ती मान्य केली, ओझानामादी मंडळींना बरोबर येऊ दिले नाही, आणि २५ जूनच्या संध्याकाळी अडथळ्यांपाशी गोळी लागून ते घायाळ झाले. २७ तारखेस त्यांनी देह ठेवला. ज्यांना आपण होऊन गळ घातली, त्यांचे प्रेत पाहताना ओझानाम यांस काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी. पण त्यांनी लेखणी टाकली नाही. पुढे ४३ वर्षांनी, १८९१ साली, तेराव्या लिओ पोपमहाराजांनी कामगारांविषयीचे आपले विख्यात परिपत्रक प्रसिद्ध केले. त्याची वाट ज्यांनी झाडून ठेवली, त्यांत ओझानाम यांची गणना होते.

प्रकृती पूर्वीपासूनच नाजूक, त्यात हे श्रम. १८५२ साली ते तापाने अंथरुणास खिळले असता, प्राध्यापक वर्ग घेत नाहीत म्हणून सोर्बोनमध्ये विद्यार्थी गलका करीत आहेत, असे त्यांच्या कानी आले. पत्नीचे व वैद्याचे न ऐकता ते उठले, वर्गात गेले आणि अंगात ज्वर असता शिकविले. ही सेवा अखेरचीच ठरली. त्यानंतर हवापालटासाठी ते दक्षिण फ्रान्स, स्पेनची सरहद्द आणि इटली असे हिंडले. तेथेही जेथे मुक्काम पडे, तेथे संत विन्सेंट मंडळाच्या बंधूंची गाठ ते घेत. २३ एप्रिल १८५३ रोजी, चाळिसाव्या वाढदिवशी, पिसा येथे त्यांनी आपले आयुष्य देवाच्या हाती सोपविले. पत्नी, कन्या, अपुरे ग्रंथ या सर्वांवर त्यांचे प्रेम होते. ते सोडताना जीव तुटतो, हे देवापासून न लपविता, तुझी इच्छा असेल तर मी येतो, असे त्यांनी म्हटले. वैराग्य म्हणजे प्रेम न करणे नव्हे. प्रेम करून ते अर्पण करणे, हे खरे वैराग्य होय.

२३ ऑगस्ट रोजी ते लिव्होर्नोजवळ आन्तिन्यानो येथे समुद्रकाठी होते. उठवत नव्हते, तरी महिन्याचा नेम चुकला नाही. त्या दिवशी आमेलीच्या हाती त्यांनी मर्टल झाडाची एक डहाळी दिली. तीच शेवटची. ३१ ऑगस्टला त्यांनी ते घर सोडले. निघताना डोक्यावरील टोपी काढून, तेथे भोगलेल्या सुखाबद्दल आणि दुःखाबद्दलही देवाचे आभार मानले. मार्सेय बंदरास पोहोचल्यावर शक्ती संपली. जवळच्या धर्मगुरूंनी, देवावर भरवसा ठेवावा, भिऊ नये, असे सांगितले, तेव्हा ज्याच्यावर मी इतके प्रेम करतो त्याला मी का भ्यावे, असे उत्तर त्यांनी दिले. पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, ८ सप्टेंबर १८५३ रोजी संध्याकाळी, त्यांनी प्राण सोडला. कन्या मारी तेव्हा आठ वर्षांची होती. आमेली पुढे एकेचाळीस वर्षे जगली आणि पतीची पत्रे व लेखन जपण्यात तिने आपले वैधव्य सार्थकी लावले. पॅरिसच्या सें-जोझेफ-दे-कार्म देवळाच्या तळघरात त्यांचा देह विसावला आहे. ब्राझीलमधील एक बालक १९२६ साली घटसर्पातून त्यांच्या मध्यस्थीने बरे झाले, हा चमत्कार मानला गेला आणि २२ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसच्या नोत्र-दाम महामंदिरात दुसरे जॉन पॉल पोपमहाराज यांनी त्यांस धन्यवादित घोषित केले. त्यांचा सण ९ सप्टेंबरला येतो.

प्रिय धर्मबंधूंनो आणि भगिनींनो, हे चरित्र राजाचे नव्हे, मठाधिपतीचेही नव्हे. पगारावर जगणाऱ्या, प्रकृतीने दुबळ्या, बायकोला फुले आणून देणाऱ्या व मुलीच्या खेळण्यांत रमणाऱ्या एका शिक्षकाचे ते आहे. त्याने पावित्र्य शोधण्यासाठी आपले घर सोडले नाही; घराचे दार उघडे ठेवले एवढेच. त्या दारातून तो गरिबांकडे गेला आणि त्याच दारातून विद्यार्थी त्याच्यापर्यंत आले.

ज्युबिलीत आपण पूर्वजांनी केलेल्या कार्यांचा गौरव करतो, आणि तो करावाच. परंतु त्या जुन्या चर्चासभेत एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न आपल्यालाही लागू आहे. पूर्वजांनी देऊळ बांधले, शाळा काढल्या. आज आपण स्वतः काय करीत आहोत? थोड्याच दिवसांत मंडप उतरेल, दिव्यांच्या माळा काढल्या जातील. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी संत विन्सेंट मंडळाचे बंधू नेहमीप्रमाणे वस्तीत जाण्यास निघतील, तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी दोन गृहस्थ, एखादा शिक्षक, एखादे नवविवाहित जोडपे निघाले, तर या महोत्सवाचे सार्थक झाले असे मी समजेन. धन्यवादित फ्रेदेरिक ओझानाम यांच्या मध्यस्थीने परमेश्वर आपल्या घराघरांवर कृपा करो आणि आपल्या घरांची दारे उघडी ठेवो.